पहिली रायफल घेताना मी खांद्याला विचारलंच नाही

माझी पहिली रायफल .३०० विनचेस्टर मॅग्नम होती, म्हणजे मोठ्या, जोरदार काडतुसाची. शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स झाल्याचं हंटर एज्युकेशनचं कार्ड हातात येऊन आठवडाही झाला नव्हता. काउंटरमागचा माणूस म्हणाला, पुढेमागे एल्क (हरणाच्या जातीतलं थोरलं जनावर) मारणारच ना, मग आत्ताच मोठी घे. मला लगेच पटलं. पोराला वाढत्या अंगाचा शर्ट शिवायचा, हे आपल्या हाडात मुरलेलं. त्या शर्टानं मला दोन सीझन घोळवलं.

कोलोरॅडोत नव्यानं शिकारीला लागलेले मराठी लोक मला हल्ली कॅलिबर विचारतात, म्हणजे कोणत्या काडतुसाची रायफल घ्यावी. परवाना, टॅगसाठी (एका जनावराच्या शिकारीच्या परवानगीसाठी) एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत करायचा अर्ज, भडक नारिंगी जाकीट हे सगळं त्यांना माहीत असतं. तरी एक सांगतोच. एच-वन-बीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्यानं बंदूक जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. नेमबाजीच्या रेंजवर भाड्यानं घेतलेली रायफलही यात येते. म्हणून आधी परवाना, मग बंदूक. मित्राची रायफल ‘जरा धरून बघतो’ म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा.

आता कॅलिबर. मध्यम अंतर म्हणजे १०० ते ३०० यार्ड. इथली बहुतेक हरणं त्याच्या आतच पडतात, ५०० यार्डांच्या गप्पा चहाबरोबर बऱ्या. आकड्यांना मात्र भुलू नका. .३०८ विनचेस्टर, .३०-०६ आणि .३०० मॅग्नम या तिन्हींची गोळी एकाच जाडीची, ०.३०८ इंच. फरक आहे तो काडतुसात आणि त्यातल्या दारूत. .२७० म्हणतात तिची गोळी ०.२७७ इंचांची. नावं म्हणजे नुसती नावं.

रायफल २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथं नेम बरोबर बसेल अशी दुर्बीण लावली, तर ३०० वर .३०८ ची १५० ग्रेन वजनाची गोळी साधारण आठ इंच खाली येते. ६.५ क्रीडमूर या जरा बारीक गोळीच्या काडतुसाची साडेसातच्या आसपास, आणि माझ्या लाडक्या मॅग्नमची सातेक इंच. तफावत इंच-दीड इंचाची. म्यूल डिअर या इथल्या हरणाची काळीज-फुप्फुसांची जागा आठ-दहा इंचांची असते. त्या एका इंचासाठी मी किती मोजलं? आठ पौंडांच्या रायफलीत .३०८ चा खांद्याला बसणारा धक्का १७-१८ फूट-पाउंड (हे जोराचं माप), क्रीडमूरचा १२-१३, मॅग्नमचा २५ च्या वर. वाऱ्यात क्रीडमूर सरस आहे हे कबूल, पण वारा वाचायला शिकल्यावर. राज्याचा नियम तर अगदी साधा आहे: किमान .२४ कॅलिबर, हरणाला ७० ग्रेनची गोळी, एल्कला ८५, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड. .२४३ सुद्धा हरणाला चालते. गोळी तेवढी शिकारीची घ्या, कागदावर नेम धरायची मॅच गोळी नको. बास.

मी कशात फसलो ते आता नीट सांगतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

धक्का दुखतो म्हणून घातक असतो असं नाही. दुखलं तर माणूस थांबतो तरी. खरा घोळ दचकण्याचा. बार होणार हे शरीराला चाप ओढायच्या आधीच कळतं, आणि ते स्वतःला वाचवायला बघतं. डोळा मिटतो, खांदा पुढे रेटतो, बोट चाप हळूच दाबायच्या ऐवजी हिसडतं. सगळं गोळी नळीतून सुटण्याच्या आत. आणि लगेच होणाऱ्या आवाजात, धक्क्यात ते झाकून जातं. तुम्हाला वाटतं, आज दुर्बीणच बिघडलीय. मी दुर्बीण बदलली. मग ती बसवायचे माउंट बदलले. मग काडतुसांचा ब्रँड. बाकावर बसून मारताना तर जास्तच, कारण उभा माणूस धक्क्याबरोबर मागे झुकतो, बाकावर अंग अडकलेलं असतं. भरीला मॅग्नमची पेटी महाग, म्हणून सराव कमी. सराव कमी म्हणून दचक कायम.

पहिल्या सीझनला मीकर गावाच्या बाजूला, सेजब्रशच्या झुडपांच्या उतारावर, १६० यार्डांवर म्यूल डिअर आडवं उभं होतं. काठीवर टेकवलेली रायफल, वारा नाही. मी मारलं आणि पुढचा पाय तुटल्यासारखं हरीण खाली झुकलं, मग उठून टेकडीपलीकडे गेलं. अंधार पडेपर्यंत आम्ही माग काढला. बर्फावर रक्ताचे थेंब आधी हातभर अंतरावर, मग पाच-सात पावलांवर, मग नाहीतच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं, सापडलं नाही. त्याबद्दल मी आजही फारसं बोलत नाही.

माझ्याबरोबर तेव्हा शेजारचे निवृत्त आजोबा होते. परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी मला रेंजवर घेऊन गेले आणि म्हणाले, काडतुसं मी भरणार, तू बघायचं नाहीस. तिसऱ्या वेळी त्यांनी गुपचूप डमी, म्हणजे बार न होणारं खोटं काडतूस, भरली. मी चाप ओढला. नुसती ‘टक्’. आणि नळीनं मारक्या बैलासारखी खाली मुसंडी मारली. मीच मारली होती ती, बार न होता. दोघंही क्षणभर गप्प. मग ते इतके हसले की टोपी पडली.

मला विचाराल तर गुरू असाच हवा. व्हिडिओवर हजार यार्डांवरची पोलादी टारगेटं वाजवणारे मला एका पैशाचे उपयोगी पडले नाहीत. ‘धक्क्याची सवय होते, मर्द आहेस ना’ म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहा. सवय होते ती दचकायची. राजापूरला माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ती रिकामीच खांद्याला लावून ते मला तासभर उभं करायचे. तेव्हा कंटाळा यायचा.

दचक लागली असेल तर घाबरू नका, जाते. मी मॅग्नम तोटा सोसून विकली आणि .३०८ घेतली. आधी दोन महिने हलक्या .२२ रायफलीवर हजारभर गोळ्या झाडल्या, घरी रोज भिंतीकडे तोंड करून रिकामा चाप ओढला. तेव्हा काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. हे मी गमतीनं सांगत नाहीये. रेंजवर पाच गोळ्यांत एक डमी अजूनही असते. एल्कचं विचाराल तर १८० ग्रेनच्या चांगल्या गोळीनं .३०८ त्यालाही पुरते, अंतर आवाक्यातलं ठेवलं तर.

परवाच्या नोव्हेंबरात १४० यार्डांवर मादी होती. बार झाला आणि पहिल्यांदाच मला दुर्बिणीतून सगळं दिसलं: केसांवर उठलेली धूळ, तीन उड्या, मग गवतात वाकलेली मान. मॅग्नम असताना बारानंतर मला फक्त आभाळ दिसायचं.

आईला अजून ‘नेमबाजी करतो’ एवढंच माहीत आहे. फोर्ट कॉलिन्सच्या आसपास राहत असाल आणि परवाना असेल, तर विकत घ्यायच्या आधी माझी .३०८ मारून बघा. काडतुसं तुमची, डमी मी आणेन.