हलक्याफुलक्या सुपरहिरोपटाचा दुसरा भाग कसा लिहावा

सुपरहिरोपटाचा दुसरा भाग लिहायला घेतला की पहिला मोह होतो तो संकट वाढवण्याचा. पहिल्या भागात एक वस्ती वाचली असेल, तर दुसऱ्यात शहर वाचले पाहिजे आणि तिसऱ्यात विश्व, असे लेखकाला वाटू लागते. हलकाफुलका आणि आटोपशीर चित्रपट लिहायचा असेल, तर पहिला प्रसंग लिहिण्याआधी नायक हरला तर नेमके कोणाचे काय जाईल, हे कागदावर मांडावे. ती यादी चारपाच माणसांपलीकडे गेली, तर कथाबीज पुन्हा तपासावे.

याचा अभ्यास करण्यासाठी पेटन रीड दिग्दर्शित ‘अँट-मॅन अँड द वॉस्प’ हा चित्रपट सोयीचा आहे. तो अमेरिकेत जुलै २०१८मध्ये प्रदर्शित झाला. मार्व्हलच्या त्याच चित्रपटमालिकेतल्या आधीच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ या चित्रपटात विश्वातले निम्मे सजीव नाहीसे झाले होते, आणि त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी आलेल्या या चित्रपटातली चिंता मात्र एवढीच होती, की तीस वर्षांपूर्वी सूक्ष्म जगात हरवलेली एक आई परत यावी आणि नजरकैदेतला नायक तपासणीच्या वेळी घरात सापडावा.

ही नजरकैद नीट पाहण्यासारखी आहे. खास पोशाख घालून मुंगीएवढा होऊ शकणारा नायक स्कॉट लँग याला दोन वर्षांची शिक्षा झालेली आहे, तिचे तीनच दिवस उरले आहेत आणि पायात पहारा ठेवणारे यंत्र आहे. कुलपाच्या भोकातून जाऊ शकणाऱ्या माणसाला स्वतःचा उंबरठा ओलांडता येत नाही, ही विसंगती त्या चित्रपटाचा निम्मा विनोद पुरवते. आपल्या नायकासाठी असेच बंधन शोधावे. ते आधीच्या कथेतल्या त्याच्याच कृतीतून आलेले असावे, त्याला ठरावीक मुदत असावी आणि ते कंटाळवाणे असावे. भव्य शापापेक्षा सरकारी अट विनोदाला अधिक उपयोगी पडते.

त्यानंतर शक्तीचे नियम ठरवावेत, आणि इथे थोडे गणित करण्याचा आळस करू नये. १८० सेंटिमीटर उंचीचा माणूस १.८ सेंटिमीटरचा झाला, तर त्याची लांबी शंभरपटीने, त्वचेचे क्षेत्रफळ दहा हजारपटीने आणि घनफळ दहा लाखपटीने घटते. वजनही घनफळाच्या प्रमाणात घटले, असे मानले तर ८० किलोचा माणूस ८० मिलिग्रॅमचा होईल. स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे ती मात्र दहा हजारपटीनेच कमी होईल, म्हणजे वजनाच्या तुलनेत तो शंभरपट बलवान ठरेल; मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझे उचलते, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे. उंचावरून पडून त्याला फारसे लागणार नाही, पण पाण्याचा एक थेंब त्याला चिकटून बसेल आणि अंगातली ऊब झपाट्याने निघून जाईल. याउलट वजन तेवढेच राहते, असे ठरवले तर तळपायाखालचा दाब दहा हजारपट वाढून जमिनीत खड्डे पडतील. यांपैकी प्रत्येक परिणाम हा एक तयार प्रसंग आहे. अँट-मॅनचे चित्रपट या बाबतीत बरेच सैल आहेत. लहान झालेल्या नायकाच्या ठोशात पूर्ण वजन असते, तर आख्खी इमारत चाकांच्या बॅगेएवढी करून हाताने ओढत नेली जाते. प्रेक्षक हे हसून सोडून देतात, कारण त्यात गंमत आहे. गंमतीसाठी नियम वाकला तरी चालतो, पण नायकाची सुटका त्या वाकण्यावर अवलंबून ठेवली, तर तेच प्रेक्षक रुसतात.

शक्ती चालते कशी, हे पहिल्या भागात दाखवून झालेले असते, म्हणून दुसऱ्या भागात ती बिघडते कशी, हे दाखवावे. स्कॉटचा नवा पोशाख ऐन शाळेत बिघडतो आणि तो लहान मुलाएवढाच होऊन अडकतो. धड मुंगी नाही, धड माणूस नाही. हा प्रसंग कोणत्याही हाणामारीपेक्षा जास्त लक्षात राहतो आणि त्यासाठी कोणतीही इमारत पाडावी लागत नाही. हाणामारी लिहिताना त्या खोलीतल्या साध्या वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येकीचा आकार बदलून पाहावा. स्वयंपाकघरातली मिठाची बाटली शत्रूच्या वाटेत अचानक माणसाएवढी होते, तेव्हा वेगळा विनोदी संवाद लिहिण्याची गरजच उरत नाही.

प्रतिनायकाला जग जिंकायचे नसावे, एवढे पाळले तरी पुरे. या चित्रपटातली एव्हा वेदनेतून सुटू पाहते आणि त्यासाठी तिला हवी असलेली ऊर्जा नायकाच्या बाजूच्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे. तिच्याशिवाय काळ्या बाजारातला एक व्यापारी आणि तपास यंत्रणाही मागावर असल्यामुळे मधला भाग, माझ्या मते, थोडा दाटीवाटीचा झाला आहे. तरीही गोंधळ होत नाही, कारण बहुतेकांचा डोळा बॅगेएवढ्या केलेल्या त्या एकाच इमारतीवर असतो. पाठलाग करणारे अनेक असतील, तर हवी असलेली वस्तू एकच ठेवावी.

आधीच्या कथेची आठवण करून देणे, हे काम सर्वांत रटाळ. ते सर्वांत बडबड्या पात्राकडे सोपवावे. इथे स्कॉटचा मित्र लुईस सत्य वदवणाऱ्या औषधाच्या अमलाखाली साध्या प्रश्नाचे उत्तर देताना सगळा पूर्वेतिहास ओकून टाकतो, आणि चौकशी करणारेच हैराण होतात.

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. हा चित्रपट ११८ मिनिटांचा आहे. आपला पहिला खर्डा शंभर पानांत बसवावा आणि मोठ्याने वाचताना ज्या विनोदापाशी प्रसंग थबकतो तो विनोद, कितीही आवडता असला तरी, काढून टाकावा. मालिकेतल्या पुढच्या कथेचा धागा जोडायचाच असेल, तर तो नामावली सुरू झाल्यावर जोडावा. रीड यांनी विश्वावरचे संकट तिथेच ढकलले आहे, त्यामुळे मूळ कथेला आपल्या आकाराचाच शेवट मिळतो: खेळण्याएवढ्या केलेल्या गाडीत बसून, समोर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर चित्रपट पाहणारी घरची माणसे.