पट्टी घरी ठरवा, तास स्टुडिओत मोजा: पहिल्या रेकॉर्डिंगची तयारी

स्टुडिओचं भाडं तासावर असतं, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांचे निम्मे तास रेकॉर्डिंगवर खर्चच होत नाहीत. काळी चारची पट्टी (म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा ते) जमत नाही, पांढरी पाच करून बघू का. दुसऱ्या कडव्यातला शब्द ‘सावळा’ की ‘सावळे’. तबलजींनी आणलेला तबला या पट्टीत लागतच नाही. ही सगळी चर्चा घरी चहा पितापिता फुकट होऊ शकते. स्टुडिओत तीच चर्चा पैसे मोजून होते.

इथे पाचेक मिनिटांचं भावगीत किंवा अभंग डोळ्यांसमोर आहे: एक गायक किंवा गायिका, तबला, संवादिनी, बासरी, थोडा कोरस आणि जमल्यास कीबोर्डवरचं प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकावर रचलेली वाद्यं.

पट्टी आणि लय

पट्टी ठरवताना मुखडा गाऊन बघू नका, अंतऱ्यातला सगळ्यात वरचा स्वर गाऊन बघा. तोही एकदा नाही, लागोपाठ आठ-दहा वेळा, कारण स्टुडिओत तो तितक्या वेळा गावा लागतो. कार्यक्रमात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, माइक मात्र वीतभर अंतरावर असतो. त्यामुळे कार्यक्रमातली पट्टी रेकॉर्डिंगला बहुधा अर्धा स्वर उंच ठरते. काळी चारमध्ये गाणाऱ्यांनी पांढरी पाचमध्ये एकदा गाऊन मोबाइलवर ऐकावं. शब्द जास्त मऊ येतात. मुखड्याचे खालचे स्वर मात्र त्यात हरवत नाहीत ना, तेही बघा.

पट्टी ठरली की वादकांना निदान आठ दिवस आधी कळवा. काळी एकचा तबला आणि काळी पाचचा तबला वेगळे असतात, प्रत्येक पट्टीची बासरीही वेगळी असते. प्रोग्रॅमिंगची पट्टी एका बटणावर बदलते. वाजवून घेतलेला तबला संगणकावर अर्धा स्वर सरकवला, तर चाटीचा आवाज डब्यावर मारल्यासारखा होतो.

लयीसाठी मोबाइलवर मेट्रोनोम लावा आणि मुखडा तीन वेगांत गाऊन ठेवा: मनातला वेग, त्याहून मिनिटाला चार बीट कमी, चार बीट जास्त. दुसऱ्या दिवशी ऐकून निवडा. आकडा कळवताना तो मात्रेचा आहे की दर दोन मात्रांचा, हेही सांगा. केरव्याच्या आठ मात्रा कोणी आठ मोजतं, कोणी चार. ‘नव्वद’ म्हणून पाठवलेलं गाणं प्रोग्रॅमरने एकशे ऐंशीच्या हिशेबाने केलं असं सर्रास घडतं. भजनी ठेक्यात जो झोका असतो, तो दर मात्रेला हेडफोनमध्ये टकटक करणाऱ्या क्लिकवर मरतो. अशा वेळी क्लिक दर दोन मात्रांनी ठेवायला सांगा, किंवा क्लिकऐवजी ठेक्याचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, मागा. सुरुवातीला मोकळा आलाप असेल, तर तो फक्त तानपुऱ्यावर क्लिकशिवाय घेतात आणि ठेका सुरू होण्याआधी चार मात्रांची मोजणी ठेवतात.

मग एका कागदावर गाण्याचा नकाशा काढा: तानपुरा, आलाप, मुखडा दोनदा, पहिलं म्युझिक किती आवर्तनांचं, पहिला अंतरा, मुखड्यावर परत कुठून यायचं, शेवटची तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा) आहे की नाही. त्याच्या पाच प्रती काढा.

बुकिंगच्या फोनवर

भाडं विचारल्यावर बहुतेक जण फोन ठेवतात, खरे प्रश्न त्यानंतरचे असतात. रेकॉर्डिस्ट भाड्यात धरलाय का? माइक लावण्याचा वेळ मोजणार का? तासावर भाडं आहे की शिफ्टवर, आणि शिफ्ट किती तासांची? जीएसटी धरून की वगळून? दिवस बदलला तर आगाऊ रकमेचं काय? एडिटिंग, सूर दुरुस्ती आणि मिक्सिंग (सगळे आवाज प्रमाणात एकत्र करणं) याच दरात की वेगळं? मिक्समध्ये किती वेळा बदल करून मिळतील? दोन फेऱ्या धरणं रास्त आहे, तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे लागतात.

तबला आणि संवादिनी खाली बसून वाजतात, तेवढी जागा बूथमध्ये, म्हणजे गाण्या-वाजवण्याच्या बंद खोलीत, आहे का, हे विचारायला विसरू नका. पुष्कळ बूथ एका माणसाने उभं राहून गाण्याइतकेच असतात. दोन वेगळ्या खोल्या असतील आणि काचेतून एकमेकांकडे बघता येत असेल, तर गायक आणि तबलजी एकत्र वाजवू शकतात. अभंगाला आम्ही हाच मार्ग सुचवू. गायक जिथे थांबतो तिथे तबला बोलतो, ती देवाणघेवाण सुट्या सुट्या डबिंगमध्ये येत नाही. सगळे एकाच खोलीत बसले, तर मात्र तबला गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि एक ओळ चुकली तरी सगळ्यांना परत वाजवावं लागतं.

दिवसाची निवडही महत्त्वाची. पुण्यात गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. ढोलाचा खालचा घुमारा भिंतीतून आत येतो. फोमचे तुकडे तो थांबवू शकत नाहीत, ते फक्त खोलीतला नाद कमी करतात. इमारतीतल्या छोट्या स्टुडिओत बुक करत असाल तर सकाळ ते दुपार घ्या. वर पत्र्याची शेड असेल तर पावसाळ्यात जाऊच नका. वीज गेली तर इन्व्हर्टरवर किती वेळ चालतं, तेही विचारून ठेवा. आषाढीच्या आधी अभंगांची आणि श्रावणाच्या तोंडावर गणपतीच्या गाण्यांची झुंबड असते, त्या काळात दोन-तीन आठवडे आधी फोन करा.

वेळेचा ढोबळ अंदाज: पायलट, म्हणजे वादकांना आधार म्हणून गायलेला कच्चा आवाज, अर्धा तास. तबला माइक लावण्यापासून दीड तास. बासरी आणि संवादिनी मिळून दोन. मुख्य आवाज दोन ते तीन, कोरस एक. म्हणजे एका दिवसात एक गाणं होतं. दोन होतील असं धरून चालणारे रात्री नऊला थकलेला आवाज रेकॉर्ड करतात.

वाद्यं लावताना

पावसाळ्यात तबला बाहेरच्या दमट हवेतून एसीत आला की पुडी, म्हणजे वरचं चामडं, वाळत जाते आणि सूर चढत राहतो. लावून लगेच टेक, म्हणजे एक सलग रेकॉर्डिंग, घेतला तर तिसऱ्या अंतऱ्यात तो मुखड्याशी जुळत नाही. तबलजींना अर्धा तास आधी बोलवा, तबला गवसणीतून काढून खोलीत ठेवायला सांगा, आणि दर टेकआधी सूर तपासा. पखवाज असेल तर डाव्या बाजूच्या कणकेसाठी पीठ आणि पाणी बरोबर हवं; एसीत कणीक लवकर सुकते आणि घुमारा बसतो.

बासरीचं गणित वेगळं. थंड खोलीत ती उतरते, फुंकीने गरम झाली की चढते. एसी पंचवीस-सव्वीसवर ठेवा आणि पहिली पाच मिनिटं नुसतं वाजू द्या.

संवादिनीची पीडा सगळ्यात जास्त. जुन्या पेटीचे स्वर अनेकदा ४४० हर्ट्झच्या मापात, म्हणजे पांढरी सहा ४४०वर धरणाऱ्या मापात, नसतात. पेटीचा तो स्वर ४४२ असेल आणि कीबोर्ड ४४०वर, तर दोन्ही एकत्र वाजल्यावर आवाज सेकंदाला दोनदा हेलकावतो. मिक्सिंगमध्ये हे निघत नाही. घरीच ट्यूनर अॅपवर पेटी तपासा आणि आकडा प्रोग्रॅमरला कळवा. तो सगळं प्रोग्रॅमिंग पेटीच्या मापाला आणू शकतो, पेटी त्याच्या मापाला त्या दिवशी येत नाही. भात्याची कुरकुर असेल तर तीही आधी दुरुस्त करून घ्या. कार्यक्रमात न ऐकू येणारी कुरकुर बूथमध्ये ठळक येते. टाळ शेवटी, वेगळे आणि माइकपासून तीन-चार फुटांवर वाजवा. जवळ वाजवले तर आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा लागतो, आणि फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

घरी केलेलं प्रोग्रॅमिंग नेणार असाल, तर प्रत्येक ट्रॅक वेगळा, वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर आणि सगळे शून्यापासून सुरू होणारे काढा. एमपी३ नेऊ नका. त्या फाइलच्या सुरुवातीला सेकंदाच्या छोट्या अंशाची शांतता जोडली जाते आणि मग ठेका क्लिकच्या मागे पडतो.

गळा, माइक, हेडफोन

सकाळी नऊला आवाज उघडलेला नसतो, गायनाची वेळ अकरानंतरची घ्या. पाणी कोमट. जेवण हलकं, आणि त्या दिवशी दही नको. ओठ-जिभेचा चटचट आवाज येत असेल तर सफरचंदाची फोड चावून बघा, उपयोग होतो.

सुती कपडे घाला. जरीची साडी सळसळते, बांगड्या आणि घड्याळ तर प्रत्येक समेला हजेरी लावतात. शब्द मोठ्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि पानं स्टँडवर शेजारीशेजारी ठेवा, म्हणजे उलटताना आवाज येणार नाही. मोबाइल बूथच्या बाहेर.

माइकपासून सहा ते आठ इंच. मध्ये जाळीचा पॉप फिल्टर असतोच, तरी प, फ, ब, भ या अक्षरांची फुंकर त्यातून सुटते, म्हणून माइक तोंडाच्या रेषेत न ठेवता किंचित बाजूला घ्यायला सांगा. मराठीत फ-भ जागोजागी येतात, ‘भाव’ आणि ‘फुले’ असलेलं गाणं गाताना हे लगेच कळतं. वरच्या स्वराला थोडं मागे सरका, पण दर टेकला तेवढंच, नाहीतर तुकडे जोडताना आवाजाचा पोत बदललेला दिसतो.

हेडफोनमधलं प्रमाण हा भाग कोणी शिकवत नाही. ट्रॅक मोठा आणि स्वतःचा आवाज लहान असेल, तर माणूस जोर लावतो आणि सूर चढतो. स्वतःचा आवाज फार मोठा असेल, तर तो दबून गातो आणि सूर उतरतो. सूर सतत एकाच दिशेला सुटत असेल, तर गळ्याला दोष देण्याआधी हेडफोनचं प्रमाण बदलून बघा. थोडा रिव्हर्ब, म्हणजे सभागृहासारखी गुंज, मागितलात तर गाताना बरं वाटतं, तो फाइलमध्ये जात नाही. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर त्या बाजूचा आवाज बंद करायला सांगा. नाहीतर क्लिकची टकटक माइकमध्ये उतरते आणि शांत ओळीत ऐकू येते. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर ते संगणकाच्या बफरमुळे, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी तो साठवतो त्या तुकड्यामुळे. तो १२८ किंवा त्याहून कमी करायला सांगा; १०२४वर वीसेक मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि लय डगमगते.

पहिले तीन टेक न थांबता पूर्ण गा. त्यातून बहुतेक ओळी मिळतात, उरलेल्या पंच करून, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा गाऊन, घेता येतात. पंच करताना एक ओळ आधीपासून गात या, म्हणजे श्वास आणि भाव जुळतो. वीस टेक घेऊन विसावा टेक चांगला आल्याचं क्वचित घडतं. सूर दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरवर फार विसंबू नका: सरळ उभा स्वर ते नीट करतं, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि हरकतीच्या जागी पायऱ्या ऐकू येऊ लागतात.

निघण्याआधी आणि नंतर

स्वतःची हार्ड डिस्क घेऊन जा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. पाच मिनिटांच्या गाण्याचे तीस ट्रॅक म्हणजे सव्वा जीबीच्या आसपास, आणि वाया गेलेले टेक धरून त्याच्या तिप्पट-चौपट. पूर्ण सेशन त्याच दिवशी कॉपी करा. स्टुडिओ जुना डेटा कायम ठेवत नाहीत.

रफ मिक्स मोबाइलवर, गाडीत आणि स्वस्त इयरफोनवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरमध्ये डग्ग्याचा घुमारा येतच नाही, म्हणून तिथे ऐकून ‘डग्गा वाढवा’ असं सांगू नका. बदल वेळेसकट लिहा: ‘२:१४, बासरी शब्दांवर येते, कमी करा.’ ‘थोडं भारी वाटू दे’ यावर कोणताच रेकॉर्डिस्ट काम करू शकत नाही. मास्टरबरोबर, म्हणजे गाण्याच्या अंतिम फाइलबरोबर, मायनस वन, म्हणजे आवाजाशिवायचा ट्रॅक, त्याच बैठकीत मागा. सहा महिन्यांनी कार्यक्रमासाठी मागितलात तर मिक्स पुन्हा उघडण्याचे पैसे पडतात.

हक्कांची बाजू बुकिंगच्या आधीच बघायला हवी. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ज्या चालीत तुम्ही तो अभंग शिकलात ती चाल एखाद्या संगीतकाराची असू शकते, आणि कायद्याने तिचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आधी प्रसिद्ध झालेल्या गाण्याचं कव्हर, पहिलं रेकॉर्डिंग झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं उलटेपर्यंत मूळ हक्कदाराच्या परवानगीशिवाय करता येत नाही. त्यानंतरही आधी सूचना आणि आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते. वादकांकडून मानधन मिळाल्याची आणि वापराला संमती असल्याची एका पानाची सही त्याच दिवशी घ्या, नंतर सगळे पांगतात. वितरकाकडे, म्हणजे गाणं ऑनलाइन अॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, गाणं अपलोड करताना आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो, तो बहुतेक वितरक देतात. त्या अर्जात गीतकार, संगीतकार आणि वादकांच्या नावांचं स्पेलिंग प्रत्येकाकडून लिहून घेऊनच भरा. आषाढी एकादशीला गाणं यायला हवं असेल, तर फाइल निदान तीन आठवडे आधी वितरकाकडे गेलेली असावी.