पिक्चरमधलं कोर्ट डोक्यातून काढा, मग साक्षीला जा

समन्स हातात पडलं की माणसाच्या डोळ्यासमोर पिक्चर सुरू होतो. लाल कपड्यातली गीता, हातोडा आपटणारे जज, गोल गोल फिरत बोट रोखणारा वकील. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि हेच सगळं डोक्यात घेऊन आलेले साक्षीदार नेहमी बघतो, एकतर दातखीळ बसते नाहीतर भाषण सुरू होतं. तर ज्यांना फौजदारी केसमध्ये साक्षीला बोलावलंय, म्हणजे अपघात बघितला, पंच म्हणून सही केली, शेजारच्या भांडणात मध्ये पडलात वगैरे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी समन्स नीट वाचा. कोर्ट कुठलं, केस नंबर काय, तारीख कधीची. साक्षीदार म्हणून समन्स आलं म्हणजे तुम्ही आरोपी झालात असं नाही, पण फाडून टाकलंत तर पुढे वॉरंट निघू शकतं. ई-कोर्ट्सचं ॲप आहे, केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. आणि भीती घालवायची असेल तर एक-दोन दिवस आधी जाऊन कोर्टात मागच्या बाकावर तासभर बसा, काही नाजूक केसेस सोडल्या तर कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, कोणी हाकलत नाही (मोबाईल मात्र सायलेंट, आणि शूटिंग वगैरे विचारसुद्धा नको). घरबसल्या बघायचं असेल तर 2014 चा चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघा. त्यात एका बाईने स्लीव्हलेस घातलंय म्हणून तिची केस पुढे ढकलतात, तेव्हा कपड्यांचं मी वेगळं सांगत नाही, साधे नीटनेटके घाला.

त्या दिवशी अकराच्या आधी पोचा. दाराबाहेर बोर्ड लावलेला असतो त्यात आपली केस कितव्या नंबरला आहे ते बघा, सरकारी वकिलांना किंवा पैरवीच्या हवालदाराला (पोलिसांतर्फे कोर्टातलं केसचं काम बघणारा) भेटून मी आलोय म्हणून सांगा आणि मग पुकारा होईपर्यंत बसा. एसटी स्टँडवर बसतो तसं, गाडी कधी लागेल सांगता येत नाही पण लांब गेलात की नेमकी लागते. आधीच्या साक्षीदाराची साक्ष चालू असेल तर आत बसायचं नाही, बाहेर थांबायचं. आणि त्या दिवशी काहीच होणार नाही याचीही तयारी ठेवा, आरोपीला जेलमधून आणलेलंच नाही, वकील आजारी, साहेब रजेवर, काहीही होतं. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची त्या कायद्यात, कलम 346 मध्ये लिहिलंय की पक्षकाराच्या हाताबाहेरचं कारण असेल तरच, आणि तेसुद्धा दोनपेक्षा जास्त तारखा द्यायच्या नाहीत. लिहिलंय खरं. तुम्ही आपली पुढची तारीख लिहून घ्या, ऑफिसला दाखवायला हजेरीचा दाखला मागा आणि प्रवासाचा भत्ता मिळतो का तेही विचारा, लाजू नका.

आता आत काय होतं. गीता नसते. 1969 चा शपथ कायदा आहे, त्यात देवाच्या नावाने शपथ घ्या नाहीतर देवाचं नाव न घेता प्रतिज्ञेवर सांगा, दोन्ही सारखंच धरतात. हातोडाही नसतो. ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी, तर कधीच गेली, नौदल अधिकारी नानावटीच्या 1959 च्या खुनाच्या खटल्यात तिने दिलेला आठ विरुद्ध एक असा निर्दोष कौल हायकोर्टाने बाजूला ठेवला तेव्हापासून तिला घरघर लागली. शेवटच्या क्षणी दार उघडून नवीन साक्षीदार येतो तसंही होत नाही, आयत्या वेळचा साक्षीदार आणायचा तर अर्ज द्यावा लागतो, समोरच्याचं म्हणणं येतं, मग ऑर्डर. आणि पिक्चरवाल्यांची लाडकी दफा 302 सुद्धा आता 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना लागत नाही, खुनाला बीएनएसचं, म्हणजे नवीन भारतीय न्याय संहितेचं, 103 लागतं.

पण सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे. पिक्चरमध्ये सगळे एकमेकांशी बोलत असतात, खऱ्या कोर्टात सगळे त्या टाईप करणाऱ्या स्टेनोसाठी बोलत असतात. तुम्ही जे बोलता ते जजसाहेब वाक्य जुळवून सांगतात, स्टेनो टाईप करतो आणि कागदावर येतं तेवढीच तुमची साक्ष. वरच्या कोर्टात अपील गेलं तर तिथे तुमचा चेहरा, रडणं, आवाज काही पोचत नाही, तो कागद पोचतो. म्हणून हळू बोला, एका वेळी एक वाक्य, टाईप झालं की पुढचं. प्रश्न वकील विचारेल, उत्तर जजसाहेबांकडे बघून द्या. माय लॉर्ड नको, तालुक्याला साहेब किंवा मॅडम पुरतं.

हातवारे करू नका. नेहमी होतं असं, सरकारी वकील विचारतात किती अंतरावरून बघितलंत, साक्षीदार हात करून म्हणतो "एवढ्यावरून, त्या दारापर्यंत". आता हे टाईप काय करणार? साहेब विचारतात किती फूट, आणि तो गडबडीत ठोकून देतो "दहा फूट". झालं, उलटतपासात आरोपीचा वकील पंचनामा उघडतो, तिथे चाळीस फूट मोजलेत. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला फक्त फूट कळत नव्हते. त्यामुळे अंदाज असेल तर अंदाजे म्हणा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि पोलिसांपुढचा जबाब पाठ करून येऊ नका, "आज सकाळी जबाब वाचून आलात ना?" हा प्रश्न हमखास येतो, वाचला असेल तर वाचला म्हणा.

उलटतपास म्हणजे ओरडाआरडा नाही, बहुतेक वेळा तो फार कंटाळवाणा असतो आणि तिथेच गाफील राहतो माणूस. वकील गोड आवाजात साधेसाधे प्रश्न विचारत जातो, तुम्ही हो हो म्हणत जाता. प्रश्न पूर्ण ऐका, कळला नाही तर परत विचारायला सांगा. दुसऱ्या वकिलाने हरकत घेतली तर साहेब काय म्हणतात तोपर्यंत गप्प राहा. एखादी गोष्ट तुम्ही पोलिसांना सांगितली होती पण जबाबात नाही असं निघालं तर वाद घालू नका, सांगितली होती, का लिहिली नाही ते मला सांगता येणार नाही, एवढंच.

आणि शेवटी वकील म्हणणार, "तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय." पिक्चरमध्ये इथे ढॅण ढॅण वाजतं आणि साक्षीदार कोसळतो. खरं म्हणजे हे त्याला विचारावंच लागतं, आपल्या अशिलाची बाजू तुमच्यासमोर मांडल्याची नोंद हवी म्हणून. चिडू नका, आईची शपथ घेऊ नका. "हे खरं नाही" म्हणा, टाईप होतं, संपलं. साक्ष वाचून दाखवतील तेव्हा मान डोलवत बसू नका, चूक दिसली तर तिथल्या तिथे साहेबांना सांगा, घरी जाऊन आठवून उपयोग नाही.

बाहेर पडलात की सरळ घरी जा. निकाल त्या दिवशी लागत नाही, अजून बाकीचे साक्षीदार, आरोपीचा जबाब, मग युक्तिवाद. कोणी ओळखीचा म्हणून चहाला नेऊन तडजोडीचं बोलायला लागला तर उठा, आणि धमकी आली तर लगेच सरकारी वकिलांना सांगा, 2018 पासून साक्षीदार संरक्षणाची योजना आहे, त्यासाठी अर्ज करता येतो.