नादारीच्या प्रकरणांत विनामूल्य साहाय्य कसे करावे: कोल्हापुरातील विधी विद्यार्थ्यांसाठी

नादार, म्हणजे देणी फेडण्याची ऐपत न उरलेला, कर्जाच्या ओझ्याखाली पार दबलेला माणूस वकिलाकडे जातो तेव्हा त्याच्यापाशी फीचे पैसे नसतात, आणि त्याच्या कागदपत्रांची जुळवाजुळव करण्याइतका वेळ चालत्या वकिलाकडे क्वचितच असतो. ही मधली जागा विधीच्या विद्यार्थ्याने भरून काढावी. या कामातून दिवाणी कायदा जितका हाताळायला मिळतो, तितका वर्गात बसून मिळत नाही, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

सुरुवात आपल्या महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रापासून किंवा कसबा बावड्यातील न्यायालयाच्या आवारात असलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापासून करावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, पूरग्रस्त आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. आलेला पक्षकार यांपैकी कशात बसतो, हे आधी पाहावे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, परंतु ती एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. नादारीचे प्रकरण चार आठवड्यांत संपणारे नसल्यामुळे इंटर्नशिप संपल्यावरही त्याच वकिलाकडे तारखांना जात राहावे. एक प्रकरण शेवटपर्यंत पाहिलेला विद्यार्थी दहा प्रकरणांची पहिली तारीख पाहिलेल्यापेक्षा अधिक शिकतो. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळेपर्यंत न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडता येत नाही. सल्लासुद्धा वकिलाने तपासल्याशिवाय देऊ नये.

लागू कायदा कोणता, याबाबत विद्यार्थ्यांची हमखास चूक होते. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या तिसऱ्या भागात अल्प उत्पन्नाच्या कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारी तरतूद आहे आणि ती वाचून मन भरून येते. पण १ डिसेंबर २०१९ पासून ही तरतूद वगळून त्या भागातील इतर तरतुदी अंमलात आणल्या गेल्या, त्याही केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या. चप्पल कारागीर, दुकानदार किंवा यंत्रमागावरचा कामगार यांच्यासाठी प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० हाच आधार असून अर्ज जिल्हा न्यायालयात चालतो. कलम १० नुसार कर्ज फेडण्यास असमर्थ असलेल्या आणि किमान ५०० रुपयांचे देणे असलेल्या ऋणकोला (कर्जदाराला) स्वतः अर्ज करता येतो.

या अर्जाचा सारा भार कर्जाच्या यादीवर असतो आणि ती यादी करणे हेच विद्यार्थ्याचे खरे काम आहे. पक्षकार बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन येतो: पतसंस्थेचे पासबुक, बचत गटाचे कार्ड, फायनान्स कंपनीच्या न उघडलेल्या नोटिसा, सोनेतारणाची पावती, आणि तळाशी चौपदरी घडी घातलेला, सावकाराला लिहून दिलेल्या स्टँपपेपरचा झेरॉक्स. हे कागद त्याच्यासमोरच तारखेप्रमाणे लावावेत. प्रत्येक धनकोचे (कर्ज देणाऱ्याचे) नाव, पत्ता, मूळ रक्कम, भरलेली रक्कम, आजची मागणी, तारण आणि जामीनदार अशी वही आखावी. कागदावर नसलेल्या देण्याबद्दल शेवटी, घाई न करता विचारावे. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने पैसे आणि उचललेल्या भिशीचे राहिलेले हप्ते माणूस लाजेपोटी सांगत नाही. त्याला स्पष्ट सांगावे की माहिती लपविणे हा याच १९२० च्या अधिनियमाच्या कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा अपराध आहे.

त्याचप्रमाणे गेल्या दोन वर्षांत काही विकले, बक्षीस दिले किंवा कोणाच्या नावावर केले का, हे विचारावेच लागते. जप्तीच्या भीतीने राहते घर भावाच्या नावावर करून ठेवणारे पुष्कळ असतात. अशा बिनमोबदला हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज आला आणि तो माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतरण कलम ५३ प्रमाणे रद्द होऊ शकते. उत्तर ऐकून चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नये. तो भीतीपोटी वागलेला असतो आणि तुमच्यासमोर पहिल्यांदाच खरे बोलत असतो.

नादार ठरल्यावर देणी भागविण्यासाठी मालमत्ता काढून घेतली जाते; तिच्यातून काय वाचते, हेही त्याला सांगावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेली मालमत्ता नादारीतही काढून घेतली जात नाही. सुभाषनगरातील चप्पल कारागिराची रापी आणि आरी ही हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि राहते घर, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, तसेच धर्माचारानुसार स्त्री अंगावेगळे करू शकत नाही असे मंगळसूत्रासारखे दागिने यांत येतात. बेलिफ दारात येणार म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या घराला एवढे कळले तरी मोठा धीर येतो.

परंतु धीर देताना खोटी आशा लावू नये. कर्जमुक्तीचा आदेश मिळाला तरी जामीनदार सुटत नाही, तारण घेतलेल्या धनकोचा हक्क कायम राहतो आणि चेक न वटल्याचा फौजदारी खटला थांबत नाही. नादार ठरलेल्या व्यक्तीला त्या काळात स्थानिक स्वराज्य संस्थेचे सदस्य होता येत नाही, हे गावपातळीवर काम करणाऱ्याला अगोदर सांगितलेले बरे. पक्षकाराला ‘सगळे माफ होईल’ असे बाहेरच्या कोणी सांगितले असेल, तर पहिल्याच भेटीत त्याचा गैरसमज दूर करावा.

पुष्कळदा नादारीपेक्षा दुसरा मार्ग बरा असतो. विनापरवाना सावकारीची तक्रार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज केला असेल तर त्या सुनावणीला हजर राहून हिशेबावर हरकत घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण दाखला निघाल्यानंतर पुनरीक्षणासाठी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. लोकअदालतीत तडजोड करायची असल्यास घरखर्च वजा जाता महिन्याला किती उरते, हे घरच्यांसोबत बसून काढावे; तेथील निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे न झेपणारा हप्ता कबूल केला की सुटण्याचा मार्ग जवळपास बंद होतो.

पक्षकाराचे मूळ कागद स्वतःच्या खोलीवर नेऊ नयेत. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावेत आणि वहीत त्याची सही घ्यावी. अंगठा असल्यास कागदांची यादी त्याला मोठ्याने वाचून दाखवावी आणि मगच अंगठा घ्यावा.