गिनीपिगचे आजारपण: लक्ष कशावर ठेवावे आणि खर्चाची तरतूद कशी करावी

गिनीपिग हा इतरांची शिकार होणारा प्राणी आहे. आपण दुबळे दिसलो की आपल्यावर झडप पडणार, ही भीती त्याच्या अंगात इतकी मुरलेली असते की आजारी असतानाही तो जमेल तोवर धडधाकट असल्यासारखाच वावरतो. त्यामुळे आजार आपल्या लक्षात येतो तेव्हा तो बहुधा बराच पुढे गेलेला असतो, आणि उपचारही त्याच प्रमाणात अवघड आणि महाग झालेले असतात. म्हणूनच या प्राण्याच्या बाबतीत तब्येतीची काळजी आणि पैशांची काळजी वेगळी काढता येत नाही. आजार लवकर कळावा अशी सवय लावून घेणे हाच खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

वजनाची वही

ही सवय म्हणजे दर आठवड्याला वजन करणे. त्यासाठी स्वयंपाकघरात वापरतात तसला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. काट्यावर एक खोलगट डबा ठेवून आकडा शून्यावर आणावा, डब्यात कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकाव्यात आणि गिनीपिगला अलगद आत बसवावे. तो खाण्यात गुंतला की आकडा क्षणभर स्थिर होतो, तो लगेच तारखेसह वहीत लिहावा. वार आणि वेळ ठरलेली असावी, कारण पोट भरलेले असताना आणि रिकामे असताना वजनात वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. पूर्ण वाढ झालेल्या गिनीपिगचे वजन साधारणपणे 700 ते 1200 ग्रॅमच्या दरम्यान असते, परंतु इतरांच्या वजनाशी तुलना करण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या मागील नोंदींशी तुलना करणे महत्त्वाचे आहे. एका आठवड्यात पन्नास ग्रॅमच्या आसपास घट दिसली तर रोज वजन करू लागावे. एकूण वजनाच्या दहाव्या भागाइतकी घट झाली असेल, तर तो कितीही तरतरीत दिसत असला तरी डॉक्टरांकडे न्यावे.

वजनावर एवढा भर देण्याचे कारण गिनीपिगच्या दातांत आहे. त्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळताना झिजतात. गवत कमी पडले किंवा जबड्याची ठेवण बिघडली की मागच्या दाढा वाढतात, आणि खालच्या दाढा तर कधीकधी जिभेवर कमानीसारख्या एकमेकींकडे झुकतात. असा गिनीपिग भूक लागली की खाण्यापाशी धावत येतो, घास उचलतो आणि टाकून देतो, आणि पाहणाऱ्याला तो जेवतोच आहे असे वाटते. हनुवटी लाळेने ओली झालेली दिसू लागते ती फार उशिरा. वहीतले आकडे त्याच्या कितीतरी आधी उतरू लागलेले असतात.

वजन झाल्यावर त्याला मांडीवर घेऊन अंगावरून हात फिरवावा. पुढचे दात सरळ आहेत का, डोळे आणि नाक स्वच्छ आहेत का, केसांच्या मुळाशी कोंडा किंवा खपल्या आहेत का, कातडीखाली गाठ लागते का, तळवे लाल किंवा सुजलेले आहेत का, हे सर्व पाहायला फार वेळ लागत नाही. तळव्यांकडे दुर्लक्ष करू नये: जाळीच्या किंवा ओलसर तळावर राहणाऱ्या जाड गिनीपिगच्या तळव्याला जखम होते, ती हाडापर्यंत गेली की महिनोन्महिने बरी होत नाही. वयस्कर नराच्या गुदद्वाराच्या घडीत मऊ विष्ठेचा गोळा अडकून राहतो, तोही या वेळी दिसतो आणि डॉक्टरांनी एकदा दाखवले की घरी साफ करता येतो. नखे कापणेही असेच शिकून घ्यावे, म्हणजे तेवढ्यासाठी दर वेळी दवाखान्यात जावे लागत नाही.

ज्यांची भीती बाळगू नये

नव्या पालकांची पहिली घाबरगुंडी अनेकदा अगदी साध्या गोष्टींनी उडते. डोळ्यांतून मध्येच दुधासारखा पांढरा द्रव येतो आणि गिनीपिग त्याने तोंड पुसतो. हा त्याच्या स्वच्छतेचा भाग आहे. कानांमागे केस नसलेला छोटा पट्टा जन्मजात असतो. पार्श्वभागावर, जिथे शेपटी असती तिथे, तेलकट ग्रंथी असते आणि नरांमध्ये ती जास्त चिकट होते. लघवी वाळल्यावर पांढुरका खडूसारखा थर राहणे हेही बहुधा नेहमीचेच, कारण जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते. मात्र तो थर खरबरीत, वाळूसारखा लागू लागला तर मूत्राशयाची तपासणी करून घ्यावी. तो अधूनमधून मान वाकवून स्वतःची मऊ विष्ठा थेट गुदद्वारातून खातो, कारण त्यातील जीवनसत्त्वे त्याला दुसऱ्यांदा मिळवायची असतात. आनंदाच्या भरात तो जागच्या जागी उड्या मारतो आणि अंग झटकतो, त्याला काही जण झटका समजतात. उडीनंतर तो पुन्हा खाऊ-पळू लागतो. खऱ्या झटक्यात तो एका कुशीवर पडतो, पाय झाडतो आणि हाकेला प्रतिसाद देत नाही. असा झटका काही वेळा खरजेच्या किड्यांमुळे होणाऱ्या असह्य खाजेतूनही येतो, आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून आशा न सोडता लगेच दवाखाना गाठावा.

ज्यांसाठी सकाळची वाट पाहू नये

गिनीपिगच्या आतड्यांत अन्न सतत पुढे सरकत राहावे लागते. त्याला उलटी करता येत नाही, आणि खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते, आतील जिवाणूंचा तोल बिघडतो, वायू साचतो, दुखू लागते आणि दुखल्यामुळे तो आणखी खात नाही. म्हणूनच बारा तास काहीही न खाणे ही त्याच्यासाठी तातडीची परिस्थिती आहे. कुत्र्या-मांजरांच्या अनुभवावरून दोन दिवस थांबून पाहणे इथे जिवावर बेतते. लेंड्या अचानक बारीक, टोकदार किंवा कमी होणे ही त्याआधीची खूण आहे. पोट ढोलासारखे ताणलेले असणे, तोंड उघडून किंवा आवाज करत श्वास घेणे, लघवी करताना ओरडणे किंवा लघवीत रक्त दिसणे, मान एका बाजूला कलणे, गरोदर मादीने बराच वेळ कळा देऊनही पिल्लू बाहेर न येणे, उन्हाळ्यात अंग सैल सोडून धापा टाकणे, यांपैकी काहीही दिसले की फोन करून निघावे. उन्हाने ग्रासलेल्या गिनीपिगला वाटेत थंड जागी ठेवावे आणि कान व पाय साध्या पाण्याने ओले करावेत. बर्फाचे पाणी ओतू नये.

डॉक्टरांपर्यंत पोहोचायला वेळ लागणार असेल, आणि पोट फुगलेले नसेल, तर त्यांना फोनवर विचारून सिरिंजने भरवायला सुरुवात करावी. यासाठी गवताच्या पिठापासून केलेले तयार खाद्य मिळते. ते नसेल तर नेहमीचे पेलेट, म्हणजे दाबून केलेले कोरडे तयार खाद्य, कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करता येतो. गिनीपिगला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर सरळ बसवावे, पाठीवर कधीही झोपवू नये. सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजचे टोक समोरून न घालता ओठांच्या कडेने, पुढच्या दातांमागील मोकळ्या जागेत सरकवावे, थोडेसे सोडावे आणि तो चघळून गिळेपर्यंत थांबावे. घाईने सोडलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. दिवसभरात किती भरवायचे हे वजनावरून डॉक्टर ठरवून देतात, आणि ते रात्रीही चुकवून चालत नाही.

एक गोष्ट मात्र मी जितकी जोर देऊन सांगता येईल तितकी सांगतो. घरात उरलेले प्रतिजैविक त्याला देऊ नये. पेनिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधे गिनीपिगच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मारतात, घातक जिवाणूंना मोकळे रान मिळते आणि त्यांच्या विषाने तो काही दिवसांत दगावू शकतो. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या आणि गुरांसाठीची जंतांची औषधे अंदाजाने देणे हेही तितकेच घातक आहे.

डॉक्टर आधी शोधावा

बहुतेक दवाखाने प्रामुख्याने कुत्री आणि मांजरे पाहतात, त्यामुळे गिनीपिग घरी आणण्यापूर्वीच त्याचा अनुभव असलेले डॉक्टर शोधून ठेवावेत. फोनवर दोन-तीन प्रश्न विचारले तरी अंदाज येतो: कोणती प्रतिजैविके टाळता, मागच्या दाढा कशा तपासता, शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायला सांगता. गिनीपिगला उलटी होत नसल्याने त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचे कारण नसते आणि तसे ठेवणे धोक्याचे असते. जो दवाखाना तसे सरसकट सांगतो तिथे या प्राण्याचा अनुभव बहुधा कमी आहे. रात्री आणि सुटीच्या दिवशी कुठे जायचे, हेही त्याच वेळी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

पहिली भेट निरोगी असतानाच घ्यावी आणि तीत नर-मादीची खात्री करून घ्यावी. चुकून एकत्र ठेवलेल्या जोडीमुळे येणारा खर्च मोठा असतो, कारण मादी अवघ्या महिन्या-दीड महिन्याची असतानाही गाभण राहू शकते, आणि पहिले बाळंतपण सात-आठ महिन्यांच्या वयानंतर आले तर ओटीपोटाची हाडे पुरेशी फाकत नसल्याने सिझेरियनची वेळ येऊ शकते.

पैशांचा हिशेब

गिनीपिग विकत किंवा दत्तक घेताना जी रक्कम द्यावी लागते तिचा त्याच्या वैद्यकीय खर्चाशी काहीही संबंध नसतो. एका तपासणीचे शुल्क त्याच्या किमतीहून जास्त असणे हे नेहमीचेच आहे, आणि आकार लहान म्हणून भूल किंवा शस्त्रक्रिया स्वस्त होत नाही. उलट बारीक रक्तवाहिन्यांमुळे ते काम अधिक नाजूक असते. शिवाय त्याला एकटे ठेवू नये, म्हणजे तरतूद दोघांची करावी लागते, तीही पाच ते आठ वर्षांसाठी.

खर्चाचे स्वरूप ओळखून घेतले तर तरतूद सोपी जाते. खरूज, गजकर्ण किंवा सर्दी-खोकला हे एकदा उपचार केले की संपणारे खर्च आहेत, फक्त गजकर्ण माणसांनाही लागत असल्याने हात धुण्याची काळजी घ्यावी लागते. मूतखडा आणि मादीच्या अंडाशयातील गाठी यांत शस्त्रक्रियेचा एकरकमी मोठा खर्च येऊ शकतो. अंडाशयाच्या गाठी वाढत्या वयाच्या माद्यांमध्ये फार आढळतात, आणि दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळणे ही त्यांची एक खूण आहे. दाढांचा आजार सर्वांत दमवणारा, कारण दाढा घासून दिल्या तरी पुन्हा वाढतात आणि काही गिनीपिगना दर थोड्या आठवड्यांनी भूल द्यावी लागते. म्हणून दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी, आणि एका शस्त्रक्रियेइतकी रक्कम जमेपर्यंत तिला हात लावू नये. त्या रकमेचा अंदाज आपल्याच डॉक्टरांना आधी विचारून घ्यावा. लहान पाळीव प्राण्यांचा विमा मिळत असेल तर दातांचे आजार आणि आधीपासूनची दुखणी त्यातून वगळली आहेत का, हे वाचूनच तो घ्यावा.

दवाखान्यात पैशांविषयी बोलायला संकोच करू नये. उपचार सुरू होण्याआधी लेखी अंदाज मागावा, आपली मर्यादा स्पष्ट सांगावी आणि प्रत्येक तपासणीबाबत एकच प्रश्न विचारावा: हिच्या निकालाने उपचार बदलणार आहेत का? उत्तर नाही असेल तर ती पुढे ढकलता येते का, हे डॉक्टरच सांगतील. मूतखड्याच्या शंकेत एक्स-रे टाळण्यात अर्थ नाही, पण साध्या सर्दीत सगळ्या चाचण्या पहिल्याच दिवशी लागतात असे नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शुल्क अनेकदा कमी असते. वेदनाशामक औषध आणि भरवण्याचे खाद्य यांत मात्र काटकसर करू नये, कारण दुखत असलेला गिनीपिग खात नाही आणि न खाणारा गिनीपिग जगत नाही.

रोजच्या खाण्यात केलेली बचत पुढे सर्वांत महाग पडते. सुके गवत दिवसरात्र समोर हवे. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने तो प्रौढांना रोज देऊ नये. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याला ते दर किलो वजनामागे रोज सुमारे 10 ते 30 मिलिग्रॅम अन्नातून मिळावे लागते, आणि कमी पडले की सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते, तो चालायचे टाळतो. ढोबळी मिरचीचा एक तुकडा यासाठी उत्तम. पेलेटमधील हे जीवनसत्त्व साठवणीत नष्ट होत जाते, म्हणून उत्पादनाची तारीख पाहून तीन महिन्यांत संपेल इतकेच आणावे, आणि पाण्यात टाकायच्या थेंबांवर विसंबू नये.

कधीकधी उपचार परवडत नाहीत, किंवा परवडूनही त्याच्या वाट्याला केवळ वेदनाच येणार असतात. अशा वेळी डॉक्टरांना तसे उघडपणे सांगून वेदनारहित मृत्यूचा पर्याय विचारावा. औषधाविना घरी कुढत ठेवण्यापेक्षा तो कितीतरी अधिक दयाळूपणाचा असतो. मागे राहिलेल्या सोबत्याचे खाणे आणि वजन पुढचे काही दिवस रोज पाहावे. त्याच्यासाठी नवा जोडीदार आणायचा असेल तर नव्याला आधी दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे, आणि त्या काळात आधी जुन्याचे आणि मग नव्याचे काम करावे.