लेकराचा आयआयटीत नंबर लागंल का, घरीच कसं बघायचं

जेईई मेनचा (इंजिनिअरिंगच्या देशभरातल्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की परभणीत आमच्या घरी फोन सुरू होतात, "सर, पोराला 99 पर्सेंटाइल आलेत, मुंबई आयआयटी भेटंल ना?" मी गणित शिकवतो, दरवर्षी हे सांगतो म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आधी पर्सेंटाइल (शंभरातले किती जण मागं आहेत तो आकडा) बाजूला ठेवा. 2024 ला मेनला 14 लाखांच्या वर लेकरं बसली होती म्हणजे 99 वाल्याच्या पुढं 14 हजार जण आहेत, आणि मेनचा रँक आयआयटीला चालतच नाही, कॅटेगरीप्रमाणं वरचे अडीच लाख जण आयआयटीच्या खऱ्या परीक्षेला, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्डला बसू शकतात एवढाच त्याचा उपयोग. त्याच वर्षी अ‍ॅडव्हान्स्ड दिली 1 लाख 80 हजारांनी, पास झाले 48 हजार आणि 23 आयआयटी मिळून सीटा 17,740. पास झालं म्हणजे सीट भेटली असं नाही.

आता जोसाच्या (सीटा वाटणारी केंद्राची यंत्रणा) साइटवर जा, ओपनिंग-क्लोजिंग रँक उघडा, मागची तीन वर्षं घ्या आणि शेवटचा राउंड निवडा, पहिल्या राउंडचे आकडे बघून लोक उगीच घाबरतात. फक्त क्लोजिंग रँक, म्हणजे ती सीट ज्या शेवटच्या रँकला भेटली तो, वहीत उतरवायचा. मुंबईचं कॉम्प्युटर ओपनमधून 2023 आणि 2024 दोन्ही वर्षी 70 च्या आत बंद झालं, पण त्याच मुंबईत काही शाखा तीन-चार हजारापर्यंत जातात, म्हणून नुसतं "मुंबई भेटंल का" विचारून उपयोग नाही, शाखा सांगा. मुलींनी फिमेल ओन्लीची ओळ वेगळी बघायची, तिथं रँक बराच पुढं जातो. आकड्याला पी अक्षर जोडलेलं असलं तर ती तयारी वर्गाची सीट, ती धरायची नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ कॅटेगरीत होतो. गेल्या जूनात गंगाखेडहून एक वडील आले, वहीत सगळं नीट उतरवलेलं, लाल पेनानं एकेक शाखा खोडत आणलेली, म्हणले आमच्या पोराचं कुठंच बसंना. बघितलं तर ओबीसीच्या ओळीतला 800 चा क्लोजिंग रँक ते पोराच्या 2,400 च्या सीआरएलशी (सगळ्या कॅटेगरी मिळून असलेल्या कॉमन लिस्टमधल्या रँकशी) लावत होते. अहो ओबीसीच्या ओळीत ओबीसीचाच रँक असतो, पोराचा तो 450 च्या आत होता! खोडलेल्या निम्म्या शाखा परत जिवंत झाल्या, ते बराच वेळ वहीकडंच बघत बसले.

धनगर, वंजारी राज्यात एनटीत असले तरी केंद्रात ओबीसीत धरतात. मराठा समाजाचं एसईबीसी सर्टिफिकेट इथं चालत नाही, कुणबी नोंद असंल तर ओबीसी, नसंल आणि नियमात बसत असाल तर ईडब्ल्यूएस, नाहीतर ओपन. ओबीसी-एनसीएल (नॉन क्रीमी लेयर) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) दोन्ही सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातले आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलचे किंवा त्यानंतरचे लागतात, तहसीलला मार्चपासूनच विचारत राहा, नाहीतर सगळा हिशोब ओपनवर येतो. बारावीला 75 टक्के (एससी, एसटीला 65) किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव, हे पण बघा.

निकालाच्या आधी अंदाज पाहिजे तर क्लासच्या टेस्टमधला नंबर धरू नका, तिथं चारशे पोरांतला पहिला असतो, देशातला नाही. अ‍ॅडव्हान्स्डचे मागचे तीन खरे पेपर घरी सोडवायला लावा, सकाळी 9 ते 12 आणि दुपारी अडीच ते साडेपाच, एकाच दिवशी, मोबाईल बाहेरच्या खोलीत. तीनमधला मधला निकाल धरा, सगळ्यात चांगला नाही. आणि मार्क त्याच वर्षाच्या रँकला लावा, कारण 2022 ला 360 पैकी 55 वर कॉमन लिस्टमध्ये नाव आलं होतं, 2024 ला 109 लागले.

मग वहीतल्या तीन वर्षांच्या आकड्यांत सगळ्यात कडक वर्षातसुद्धा लेकरू बसत असंल तर ती सीट बऱ्यापैकी पक्की, एखाद्याच वर्षी बसत असंल तर काठावर, कुठल्याच वर्षी नाही तर अवघड. पण अवघड म्हणून फॉर्ममधून काढू नका! आवडीची सीट वर टाकल्यानं खालची जात नाही, जोसाचं वाटपच तसं आहे. खाली एनआयटी (केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं) पण भरा, तिथं मेनचा रँक चालतो आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या सीटा महाराष्ट्राच्या लेकरांना असतात, तिथं होम स्टेटची ओळ बघा. सीट आली की अजून वरची पाहिजे असंल तर फ्लोट करा (ही सीट धरून पुढच्या राउंडची वाट बघा), मनासारखी असंल तरच फ्रीज (तिथंच थांबा). गंगाखेडच्या त्या पोरानं लाल पेनानं खोडलेलीच एक शाखा वर टाकली होती, तिसऱ्या राउंडला तीच आली.