खाडीकाठच्या खिडकीची ग्रिल गंजापासून कशी वाचवावी

ऐरोली, वाशी, बेलापूर किंवा ठाण्यात कोपरी-कळव्याकडे दोन पावसाळ्यांतच ग्रिलच्या रंगाखालून तपकिरी फोड वर येतात. दोष सहसा रंगाचा नसतो, रंगाआधीचे काम राहून गेलेले असते.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. खाडीवरचा वारा त्यात मीठ आणून घालतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्या खारट थरातून वीजभार सहज वाहतो, म्हणून गंज वेगाने चढतो. मिठातले क्लोराइड गंज चढवताना संपतही नाही. लोखंडातल्या बारीक खड्ड्यांत बसून तेच काम करत राहते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, त्यामुळे वरचा रंग आतून उचलला जातो.

फेब्रुवारी ते मे या काळात सलग दोन-तीन मोकळे दिवस काढा. सकाळचा दमटपणा गेल्यावरच ब्रश हातात घ्या.

आधी धुवा, मग घासा. बहुतेक जण उलटे करतात आणि पॉलिश पेपरने मीठच लोखंडात रगडतात. साबणाच्या पाण्याने ग्रिल धुऊन नंतर साध्या पाण्याने दोनदा खळखळून घ्या. कबुतरांची विष्ठा आधी पूर्ण भिजवा. सुकी खरवडली तर तिची धूळ फुप्फुसात जाते.

आता पोपडे काढा. घरगुती रंगांतल्या विषारी शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा भारतात 2017 मध्ये लागू झाली. सिडकोच्या जुन्या इमारतींतल्या ग्रिलवर त्याआधीचे कितीतरी थर असू शकतात. म्हणून मास्क लावा, पाणी मारत ओलेच खरवडा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका आणि पडलेला चुरा ओल्या फडक्याने उचला. सैल गंज तारेच्या ब्रशने निघतो. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर सळई खचली, तर तिथे रंगाचा उपयोग नाही. वेल्डरला बोलवून तो तुकडा बदला.

खड्ड्यांतला गंज मात्र ब्रशने जात नाही. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात रस्ट कन्व्हर्टर मिळते. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन हे तुरट द्रव्य असते. त्याने गंजाचे घट्ट चिकटून राहणारे फॉस्फेट किंवा काळे टॅनेट बनते. (हिरडा आणि हिराकस यांच्यापासून जुनी काळी शाई होई, तीही टॅनिन आणि लोखंडाचीच.) हातमोजे घाला आणि डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. संडास धुण्याचे ॲसिड मात्र ग्रिलला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गंज झटकन निघतो खरा, पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. जे क्लोराइड धुऊन काढले, तेच त्याच्यासोबत पुन्हा खड्ड्यांत जाते. त्यात ब्लीच मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कोरडे झाले की त्याच दिवशी प्रायमर लावा. उघडे लोखंड आपल्याकडच्या हवेत रातोरात तांबूस पडते. झिंक फॉस्फेट प्रायमर मिळाला तर तोच घ्या. रेड ऑक्साइडही चालतो, पण तो एकटा ओलावा अडवत नाही. वर रंग हवाच. छोट्या ब्रशने आधी वेल्डिंगचे सांधे, सळयांची खालची बाजू आणि भिंतीत शिरणारी टोके भरा. पाणी तिथेच साचते.

ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्या. हा रंग नुसता थिनर उडून सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. जाड थर वरून कडक होतो आणि आत ओलाच राहतो. दोन हातांत डब्यावर दिलेले अंतर ठेवा, सहसा एक रात्र.

ग्रिल जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर ऑइल पेंट थेट लावू नका. रंगातली तैलाम्ले जस्ताशी संयोग पावून साबणासारखा थर बनवतात आणि रंग सालीसारखा सुटतो. अशा ग्रिलसाठी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा प्रायमर वेगळा मिळतो.

बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या थेट पट्ट्यांवर ठेवू नका. खाली विटेचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे द्या, पाणी निथळून हवा खेळली पाहिजे. पावसाळा सरला की, ऑक्टोबरच्या उन्हात एकदा साध्या पाण्याने ग्रिल धुवा, आणि रंग उडालेला ठिपका दिसला की तेवढ्यापुरता लगेच घासून प्रायमर आणि रंग लावा.